टिंबानंतरची यादी येते कुठून?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लायब्ररीचं (इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचाचं) नाव लिहून टिंब दिलं की तिच्यातल्या फंक्शनांची यादी समोर यावी, एवढीच आपली अपेक्षा असते. मोठ्या आयडीईत, म्हणजे कोड लिहिण्यापासून चालवण्यापर्यंत सगळं एकत्र देणाऱ्या साधनात, ती बहुतेक वेळा आपोआप पुरी होते. विम, निओविम किंवा ईमॅक्स या एडिटरांमध्ये मात्र कुठला तरी सर्व्हर (एडिटरसाठी कोड समजून घेणारा वेगळा प्रोग्रॅम) बसवा, तो एडिटरला जोडा, प्रोजेक्टचा पत्ता द्या असं बरंच काही करावं लागतं. एका यादीसाठी एवढे सोपस्कार का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. एडिटरला मजकूर कळतो, लायब्ररी कळत नाही. लायब्ररीची माहिती गोळा कुणी करायची आणि ठेवायची कुठे, या प्रश्नाची उत्तरं गेली कित्येक वर्षं बदलत आली आहेत.

सुरुवात टॅग्ज फाइलपासून धरता येते. ती तयार करणारा केन अरनॉल्ड यांचा सीटॅग्ज हा प्रोग्रॅम बीएसडी युनिक्सबरोबर आला. या फाइलची एक ओळ म्हणजे फंक्शनचं नाव, ते ज्या फाइलमध्ये आहे तिचं नाव, आणि तिथे नेमकी जागा सापडावी म्हणून शोधायचा मजकूर. मूळ हेतू व्हीआय एडिटरमधून थेट व्याख्येवर उडी मारता यावी एवढाच होता. पण नावं आयती गोळा झालेली असल्यामुळे पुढे तीच यादी शब्द पुरे करायला वापरात आली. विममध्ये कंट्रोल-एन दाबलं की आजही उघड्या फाइलींबरोबर टॅग्ज फाइलमधले शब्द पुढे येतात. अडचण अशी, की टॅग्जना नावं माहीत असतात, टाइप, म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या प्रकारची आहे हे, माहीत नसतं. टिंबाच्या डावीकडे कुठलं ऑब्जेक्ट आहे याचा पत्ता नसल्यामुळे साऱ्या प्रोजेक्टमधली नावं एकत्र समोर येतात. शिवाय कोड बदलला की टॅग्ज पुन्हा तयार करावे लागतात. सायटे एडिटरमध्ये तर प्रत्येक लायब्ररीसाठी फंक्शनांच्या नावांची एक साधी मजकूर फाइल पुरवावी लागे, आणि ती कुणीतरी आधी तयार केलेली असावी लागे.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये व्हिज्युअल बेसिक ५ च्या कंट्रोल क्रिएशन एडिशनमधून इंटेलिसेन्स ही यादी दाखवणारी सोय आणली, तेव्हा ही अडचण बऱ्याच अंशी सुटली. त्यामागे कॉम या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बांधलेल्या कंपोनंटांची, म्हणजे तयार सुट्या भागांची, टाइप लायब्ररी होती. प्रत्येक कंपोनंट आपल्यात कुठली फंक्शनं आहेत आणि त्यांना काय द्यायचं याचं वर्णन सोबत घेऊनच येई, एडिटरने ते फक्त वाचायचं. या कल्पनेला पुरेसं श्रेय मिळालेलं नाही असं मला वाटतं. सी++ मध्ये असं वर्णन नव्हतं, आणि मॅक्रो, टेम्प्लेट, हेडरांची साखळी यांच्यामुळे ते बाहेरून तयार करणंही कठीण होतं. व्हिज्युअल सी++ वापरलेल्या अनेकांना यादी यायची बंद झाली की प्रोजेक्टमधली यादीची माहिती साठवणारी एनसीबी फाइल उडवून एडिटर पुन्हा चालू करण्याचा उपाय आठवत असेल.

मुक्त एडिटरांकडे विम ७ मधून, म्हणजे २००६ साली, ऑम्नी कम्प्लीशन आलं. सी भाषेसाठी ते पुन्हा टॅग्जवरच उभं होतं. पायथनसाठी मात्र ते फाइलमधल्या इम्पोर्टच्या ओळी खरोखर चालवायचं आणि आत काय सापडतं ते दाखवायचं. यादी अचूक मिळे, पण नुसत्या यादीसाठी अनोळखी कोड आपल्या मशीनवर चालवला जाई. हा धोका लहान नाही.

खरं वळण कंपायलरकडून, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडून आलं. कोड पूर्ण समजणारा प्रोग्रॅम कंपायलरच, पण त्याची समज बाहेरच्या कुणाला वापरता येत नव्हती. २००७ मध्ये खुला झालेला क्लँग हा सी कुळातल्या भाषांचा कंपायलर मुळातच लायब्ररीसारखा बांधलेला होता. त्यात कर्सरच्या जागी एक खास खूण घालून कंपायलर कोड वाचायला घेतो, खुणेपाशी पोचला की थांबतो आणि इथे काय काय बसू शकतं ते सांगतो. अंदाज नाही, थेट भाषेच्या नियमांतून आलेली यादी. जीसीसी या जुन्या मुक्त कंपायलरला हे जमण्यासारखं होतं, पण त्याची आतली रचना बाहेर काढून दिली तर बंदिस्त सॉफ्टवेअरवाले ती वापरतील अशी मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना भीती होती. २०१४-१५ मध्ये ईमॅक्सच्या विकासकांमध्ये यावर मोठा वाद झाला. जीसीसीकडून ही माहिती मिळावी म्हणजे ईमॅक्सला क्लँगकडे वळावं लागणार नाही, असं एका बाजूचं म्हणणं होतं. स्टॉलमन यांची चिंता तत्त्वाची होती हे मान्यच आहे. तरी किंमत मुक्त एडिटर वापरणाऱ्यांनी मोजली, आणि सी++ साठी त्यांना क्लँगच्याच दारी जावं लागलं.

इतर भाषांमध्येही अशी स्वतंत्र इंजिनं उभी राहिली: पायथनसाठी जेडाय, जावास्क्रिप्टसाठी टर्न, गोसाठी गोकोड, रस्टसाठी रेसर, सी# साठी ऑम्नीशार्प. प्रत्येकाची बोलण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येकाचं वेगळं प्लगइन. या पसाऱ्यावर उपाय म्हणून जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि सर्व्हर यांनी बोलण्याची सामाईक पद्धत, जाहीर केला. व्हीएस कोडच्या टीमला ऑम्नीशार्प आणि टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर जोडताना आलेला अनुभव त्यामागे होता. त्या टीमचे तेव्हाचे प्रमुख एरिक गामा यांनी आधी एक्लिप्सच्या जावा साधनांवर काम केलं होतं. आता एडिटर फक्त फाइल, ओळ आणि रकाना (ओळीतली जागा) कळवतो, यादी सर्व्हर देतो.

तो रकाना मोजण्यात मराठी लिहिणाऱ्यांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट दडली आहे. प्रोटोकॉलने रकाना यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीच्या एककांत मोजायचा असं ठरवलं. कर्सरच्या आधी त्याच ओळीत ‘नमस्ते’ असं अवतरणात असेल, तर त्या हिशेबाने ती ६ एककं होतात. यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीचे बाइट मोजले तर १८. सर्व्हरने बाइट मोजले तर तो १२ घरं चुकीच्या ठिकाणी पाहतो, आणि यादी भलतीच येते किंवा येतच नाही. फक्त इंग्रजी मजकूर असलेल्या ओळीत ही चूक कधी दिसणारच नाही. मोजण्याची पद्धत एडिटर आणि सर्व्हर यांनी आपसात ठरवण्याची सोय २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत आली.

निओविममध्ये या प्रोटोकॉलचा क्लायंट (एडिटरच्या बाजूचा भाग) ०.५ पासून, म्हणजे २०२१ पासून अंगचाच आहे. ईमॅक्समध्ये एग्लॉट हा असाच क्लायंट २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत आला. तरीही सेटिंग उरतंच, कारण सर्व्हरला भाषा कळते, तुमची लायब्ररी डिस्कवर कुठे आहे हे सांगावं लागतं. सी++ साठी क्लँगडी या क्लँगवर उभ्या सर्व्हरला प्रत्येक फाइल कुठल्या आदेशाने कंपाइल होते त्याची जेसन फाइल हवी असते. सीमेक हे प्रोजेक्ट बांधण्याचं साधन ती एका पर्यायाने काढून देतं. पायथनमध्ये लायब्ररी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या जागेत) आणि सर्व्हर बघतोय सिस्टिमच्या पायथनकडे, हे यादी रिकामी येण्याचं नेहमीचं कारण. त्या एन्व्हायर्न्मेंटमधल्या पायथनचा (इंटरप्रीटरचा) मार्ग दिला की ती येते.

मार्ग बरोबर असूनही यादी अपुरी येत असेल, तर दोष बहुधा लायब्ररीच्या बाजूला असतो. सीमध्ये लिहिलेल्या पायथन मॉड्यूलात सर्व्हरला वाचण्याजोगा पायथन कोडच नसतो. २०१५ च्या पायथन ३.५ बरोबर टाइप लिहिण्याची ठरीव पद्धत आली, तसा त्यावर तोडगा निघाला: फक्त नावं आणि टाइप असलेल्या स्टब फाइली. नमपाय या गणिती लायब्ररीने टाइपची माहिती जानेवारी २०२१ च्या १.२० आवृत्तीपासून स्वतःबरोबर द्यायला सुरुवात केली. जावास्क्रिप्टच्या हजारो लायब्ररींचे टाइप २०१२ पासून डेफिनिटलीटाइप्ड या प्रकल्पात लोकांनी स्वेच्छेने लिहून ठेवले आहेत, आणि साध्या जावास्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्यालाही व्हीएस कोड त्यातूनच यादी काढून देतो. एखाद्या लायब्ररीचे स्टब कुठेच मिळाले नाहीत, तर तिच्यातली आपण रोज वापरतो तेवढी फंक्शनं स्वतःच्या स्टब फाइलमध्ये लिहून सर्व्हरला ती जागा दाखवता येते, आणि तीच फाइल मूळ प्रकल्पाकडेही पाठवता येते.