चांदीसाठी निर्दोष, जोड्यासाठी गरीब (आमोस २:६)

हा बायबलच्या जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याने उत्तरेकडच्या इस्राएल राज्यावर ठेवलेला आरोप. काळ साधारण इ.स.पू. ७६० च्या आसपासचा धरतात, कारण इस्राएलचा राजा दुसरा यराबाम आणि दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा राजा उज्जीया या दोघांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहेत आणि 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी' असंही म्हटलंय. उत्तरेकडच्या हासोर या प्राचीन शहराच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिनला पडझडीचा जो थर सापडला तो याच भूकंपाचा असं बरेच जण मानतात, पण त्यावरून नेमकं साल काढायला जाऊ नये.

आमोस यहूदातल्या तकोवा गावाचा, मेंढ्या आणि उंबराची झाडं सांभाळणारा. आता गंमत अशी की तकोवा उंचावर आहे आणि ही झाडं तिथे होत नाहीत, म्हणून काहींनी त्याला थेट उत्तरेचा ठरवलंय. पण खालच्या सखल भागात त्याचं काम असणार हे जास्त पटतं, आणि तसं असेल तर तो अगदीच फाटका माणूस नसावा.

आधी दिमिष्क (दमास्कस), गज्जा (गाझा), सोर (टायर) वगैरे शेजाऱ्यांचे अपराध मोजून झाल्यावर तो इस्राएलवर येतो: निर्दोष माणसाला चांदीसाठी विकतात आणि गरजवंताला पायातल्या एका जोड्यासाठी. भांडण आहे ते या जोड्यावरून. एक मत असं की बायबलमधल्याच रूथच्या पुस्तकात (४:७) व्यवहार पक्का करताना जोडा काढून देतात तसा इथेही तो जमीन बळकावल्याची खूण आहे. दुसरं मत साधं, कर्ज जोड्याच्या किमतीइतकं किरकोळ आणि तेवढ्यासाठी माणूस गुलाम. ८:६ मध्ये जवळपास हेच वाक्य धान्याच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी येतं, माप लहान, वजन जड, गव्हातला भुसासुद्धा विकायचा, तिथे जमिनीचा विषयच नाही, त्यामुळे दुसरं मत बरं वाटतं. आणि 'निर्दोष' म्हणजे फक्त सज्जन नव्हे, ज्याची बाजू कायद्याने खरी आहे तो. ५:१२ मध्ये लाच घेऊन वेशीवरच्या न्यायात (तेव्हा निवाडे गावाच्या वेशीवर व्हायचे) गरिबाला डावलतात असं आलंच आहे. म्हणजे आरोप सावकाराइतकाच कोर्टावरही आहे.

२:८ मध्ये गहाण घेतलेल्या कपड्यांवर वेदीपाशी लोळणारे लोक येतात. बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे (२२:२६) गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्यास्ताआधी परत द्यायचं असतं. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या यावने-यामजवळ एक खापर सापडलं, त्यावर एका कापणी करणाऱ्या मजुराची तक्रार आहे की काम पुरं केलं तरी आपला कपडा काढून नेला, सोबतचे कापणीवाले साक्ष देतील. ते इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटाचं आणि यहूदाकडचं, त्यामुळे आमोसच्या काळाचा थेट पुरावा नाही, पण अशा केसेस होत होत्या एवढं नक्की. श्रीमंतीची बाजू इस्राएल राज्याची राजधानी शोमरोनच्या उत्खननातल्या हस्तिदंती कोरीवकामावरून दिसते (३:१५ आणि ६:४ पाहा), अर्थात त्याच्या डेटिंगवरही एकमत नाही.

यहूदावरची वचनं (२:४-५) आणि शेवटचा आशेचा भाग (९:११-१५) बऱ्याच अभ्यासकांच्या मते नंतरची भर, २:६ बद्दल मात्र सहसा कोणी शंका घेत नाही. इस्राएलमधल्या बेथेलच्या देवस्थानाचा याजक (पुरोहित) अमस्या याने आमोसला यहूदात परत जायला सांगितलं, पुढे त्याचं काय झालं ते पुस्तकात नाही. याच पुस्तकातलं, न्याय पाण्यासारखा वाहू दे हे वचन (५:२४) मार्टिन ल्यूथर किंगच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात आलंय.