हिगिन्सची जांभई

चित्रपटातला कुत्रा खाली मान घालून बसला की पाहणारे म्हणतात, "मुक्या जिवाला सगळं कळतं." आणि तो कुत्रा निवारागृहातून आणलेला आहे हे समजलं की त्यात भर पडते: ज्याने वाचवलं त्याचे उपकार तो असे फेडतोय. ही समजूत मायेपोटी आलेली असली तरी कुत्र्याचं खरं कर्तृत्व ती झाकून टाकते. कुत्र्याला पटकथा कळत नाही. त्याला जे कळतं, ते मात्र थक्क करणारं आहे.

हिगिन्सचंच उदाहरण घ्या. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या प्राणी निवारागृहात फ्रँक इन या प्रशिक्षकाला हे झिपरं पिल्लू मिळालं. कुठल्याही एका जातीत न बसणारं. पुढे १९६३ ते १९७० चाललेल्या 'पेटिकोट जंक्शन' या अमेरिकी मालिकेतून ते घराघरात पोचलं. १९६६ साली प्राणी कलाकारांसाठीचा पॅट्सी पुरस्कार त्याला मिळाला. नंतर निवृत्त झालेल्या या कुत्र्याला उतारवयात पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणलं गेलं आणि १९७४च्या 'बेंजी'त त्याने चक्क शीर्षक भूमिका केली. १९७५ साली तो गेला. शिडी चढणं, टपालपेटी उघडणं अशी बरीच कामं त्याला येत होती. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की हिगिन्स इशाऱ्यावर जांभई द्यायचा आणि इशाऱ्यावर शिंकायचा.

'बस' शिकवणं सोपं असतं. खाऊ नाकासमोरून डोक्यावर नेला की मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. जांभई अशी खाऊ दाखवून काढता येत नाही. ती येण्याची वाट पाहायची आणि आली की पकडायची, एवढंच प्रशिक्षकाच्या हातात असतं. पण जांभई दोन-तीन सेकंदांत संपते. तुम्ही खिशात हात घालून खाऊ काढेपर्यंत कुत्र्याने तोंड मिटलेलं असतं, मान वळवलेली असते, कदाचित कान खाजवायला पायही उचललेला असतो. मग बक्षीस मिळतं ते कान खाजवण्याला.

म्हणून प्रशिक्षक मध्ये एक खूण ठेवतात. क्लिकर या दाबताच वाजणाऱ्या छोट्या खटक्याचा 'टक' आवाज, शिट्टी किंवा नेहमी एकाच सुरात उच्चारलेला एखादा शब्द. आधी काही दिवस आवाज आणि लगेच खाऊ, आवाज आणि लगेच खाऊ, इतकंच करायचं. इवान पावलोव्हने दाखवलेलं हेच ते साहचर्य. शाळेच्या पुस्तकातला लाळ गाळणारा कुत्रा आठवत असेल. एकदा आवाजाला अर्थ आला की तो जांभईच्या ऐन क्षणी करता येतो. खाऊ सावकाश दिला तरी चालतो.

का चालतो? याचं उत्तर मेंदूच्या खोल भागात आहे आणि तिथे थोडं रेंगाळायलाच हवं. १९९०च्या दशकात चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या चेतापेशींचे संदेश टिपले. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात पेटत. मग रसाआधी एक ठरावीक इशारा द्यायला सुरुवात केली. काही काळाने पेशी इशाऱ्यालाच पेटू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर त्यांच्यात फरक पडेना. इशारा देऊन रस दिला नाही, तर जेव्हा तो मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाई. म्हणजे डोपामाइन आनंद मोजत नाही. मिळालेल्यातून अपेक्षित वजा केल्यावर जे उरतं, ते डोपामाइन सांगतं. बाकी शून्य आली, तर शिकण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता दुसरा धागा. कुत्र्याने एखादी हालचाल केली की त्या हालचालीत भाग घेणाऱ्या चेतापेशींच्या जोडण्या थोडा वेळ 'बदलायला तयार' अवस्थेत राहतात. हा वेळ किती? उंदरांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागावर २०१४ साली झालेल्या प्रयोगात दिसलं, की जोडणी उद्दीपित झाल्यानंतर साधारण ०.३ ते २ सेकंदांत डोपामाइन पोचलं तरच तिच्यावरचा काट्यासारखा सूक्ष्म उंचवटा फुगतो आणि जोडणी बळकट होते. उशीर झाला की काहीच नाही. खिशातल्या खाऊला ही खिडकी गाठता येत नाही. 'टक' आवाजाला येते, कारण डोपामाइनचा उसळता संदेश आता त्या आवाजाला बांधलेला आहे.

कुत्र्यांच्या मेंदूतही याची झलक दिसली आहे. चेताशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता, जागेपणी एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवलं. २०१२ साली त्यांनी दाखवलं, की खाऊ मिळणार असल्याची हाताची खूण पाहताच कुत्र्यांच्या पुच्छक केंद्रकात हालचाल वाढते. हे केंद्रक स्ट्रायटमचाच भाग आहे. त्या पहिल्या कुत्र्यांपैकी कॅली हीसुद्धा निवारागृहातूनच आलेली होती.

जांभईत आणखी एक अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पिंजऱ्यात ठेवलं आणि अंग चाटलं की दार उघडून दिलं. मांजरं शिकली, पण चाटणं हळूहळू आकसत गेलं. शेवटी उरला जिभेचा नुसता ओझरता स्पर्श. शरीराच्या गरजेतून येणाऱ्या क्रिया बक्षिसासाठी केल्या की अशा पोकळ होऊ शकतात. जांभईतही हाच धोका: कुत्रा नुसतंच तोंड उघडेल. म्हणून अर्ध्या जांभईला 'टक' मिळता कामा नये. शिवाय कुत्री ताणाखालीही जांभया देतात, त्यामुळे झोपेतून उठतानाच्या जांभयाच टिपलेल्या बऱ्या. घाबरवून मिळवलेली जांभई मला तरी क्रौर्यच वाटतं.

मग उदास चेहऱ्याचं काय? कुत्र्यांमध्ये आतली भुवई वर उचलणारा स्नायू ठळक असतो. लांडग्यांत तो बहुधा तंतूंपुरताच उरतो. भुवई वर गेली की डोळे मोठे दिसतात आणि आपल्याला त्यात दुःख दिसतं. २०१३च्या एका अभ्यासात निवारागृहातली जी कुत्री भुवया जास्त वेळा उचलत होती, ती लवकर दत्तक गेली. पडद्यावरचं उरलेलं काम संकलक करतो: आधी रिकामं घर, मग कुत्र्याचा चेहरा. प्रत्यक्षात कुत्रा कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे पाहत असतो.

केवळ छायाचित्र पाहून कुत्र्याच्या 'मनातलं' सांगणारे आणि त्याचे पैसे घेणारे लोक हल्ली वाढले आहेत. अशा दाव्यांचा निकाल १९०७ सालीच लागलेला आहे. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती. मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंगस्ट यांनी तपासलं, तर घोडा प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल वाचत होता. प्राणी आपलं शरीर वाचतात, तेही आपल्यापेक्षा बारकाईने. याला अतींद्रिय शक्तीची जोड देणं हा त्यांच्या निरीक्षणाचा अपमान आहे.

'जातिवंत असेल तरच शिकेल' हेही खरं नाही. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्र्या-कुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी फक्त सुमारे ९ टक्के फरक जातीने स्पष्ट होत होता. निवारागृहातून आलेल्या कुत्र्याचा अडथळा बहुतेकदा वेगळाच असतो. तिथल्या पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं आहे. घाबरलेला कुत्रा खाऊला तोंड लावत नाही. खाऊच नको असेल, तर 'टक' आवाजाला अर्थ येत नाही आणि वर सांगितलेली यंत्रणा सुरूच होत नाही. अशा वेळी त्याला मठ्ठ ठरवलं जातं. त्याला आधी शांत कोपरा, ठरलेल्या वेळी अन्न आणि भरपूर झोप मिळू द्यायची. तो आपणहून हातातला तुकडा घेऊ लागला, की पहिला 'टक' करायला हरकत नाही.