थिन क्लायंट

थिन क्लायंट म्हणजे असा साधा कॉम्प्युटर जो स्वतः फारसं काही करत नाही, नुसता स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतो, आणि प्रोग्राम चालवणं, फाइली ठेवणं हे खरं काम नेटवर्कवरच्या दुसऱ्या तगड्या मशीनवर होतं. जुनं मशीन ब्राउझर उघडताना धापा टाकत असलं तरी या कामाला ते मस्त चालतं, म्हणून टाकून देण्याआधी हा विचार जरूर करावा.

लिनक्स-युनिक्सच्या जगात याचा पाया म्हणजे एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या आणि चित्रं दाखवणारी व्यवस्था, जी नेटवर्कवरूनही चालते. ती 1984 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू झाली, अकरावी आवृत्ती 1987 ला आली आणि अजून तीच चालू आहे. पूर्वी एक्स टर्मिनल नावाची खास यंत्रंच मिळायची.

नवीन माणूस अडकतो तो शब्दांत. एक्सच्या भाषेत तुमच्या समोरचं छोटं मशीन हा सर्व्हर, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड ते पुरवतं, आणि लांबच्या मोठ्या मशीनवरचा प्रोग्राम हा क्लायंट. हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की सेटअप करताना निम्मा त्रास वाचतो.

छोट्या मशीनवर डेस्कटॉप टाकायचाच नाही, किमान लिनक्स आणि एक्स सर्व्हर एवढंच. मोठ्या मशीनच्या डिस्प्ले मॅनेजरमध्ये (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) एक्सडीएमसीपी, म्हणजे तीच लॉगिन स्क्रीन नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला देण्याची पद्धत, चालू करायचं (सहसा बंदच असतं), मग छोट्यावर एक्स कमांडला -क्वेरी आणि मोठ्या मशीनचा पत्ता दिला की लॉगिन स्क्रीन यायला पाहिजे. बरेचदा येतो तो काळा पडदा. कारण विनंती जाते मोठ्या मशीनच्या यूडीपी पोर्ट 177 वर (यूडीपी आणि टीसीपी या नेटवर्कवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती, पोर्ट म्हणजे मशीनवरचं क्रमांकाचं दार), पण नंतर मोठं मशीन उलट फिरून छोट्याच्या टीसीपी पोर्ट 6000 ला जोडायला येतं, आणि आपण मात्र मोठ्याचीच फायरवॉल तपासत बसतो. त्यात एक्सऑर्ग (लिनक्सवरचा नेहमीचा एक्स सर्व्हर) 1.17 पासून टीसीपीवरून येणारी जोडणी घेणं मुळातच बंद असतं, त्यामुळे छोट्यावरच्या एक्स कमांडला -लिसन टीसीपी हे वेगळं द्यावं लागतं.

छोट्या मशीनला हार्डडिस्कही नको असेल तर पीएक्सई बूट, म्हणजे थेट नेटवर्कवरून मशीन सुरू करणं: डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) पत्ता, टीएफटीपीने (फाइल पाठवायची साधी पद्धत) कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बाकी फाइलसिस्टिम एनएफएसवरून (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरायची सोय). एलटीएसपी हा प्रकल्प 1999 पासून हेच काम सोपं करून देतो.

एक्सडीएमसीपीत काहीही एनक्रिप्ट होत नाही, टाइप केलेला पासवर्डसुद्धा उघडा जातो, तेव्हा हे फक्त विश्वासाच्या लॅनवरच वापरा, बाहेरून जोडायचं तर एसएसएच या एनक्रिप्ट केलेल्या जोडणीमधूनच. व्हिडिओची अपेक्षाही ठेवू नका. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम 32 बिट रंगात साधारण 8.3 एमबी होते आणि 100 मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 एमबी जातात, म्हणजे कॉम्प्रेस न करता धड दोन फ्रेमही नाहीत. टायपिंग, मेल, कोड लिहिणं मात्र आरामात होतं.

व्हीएनसी (पोर्ट 5900) आणि आरडीपी (3389) हे लांबच्या मशीनचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणायचे दुसरे मार्ग. फरक कळतो तो वायर निसटल्यावर. एक्सडीएमसीपीत जोडणी तुटली की सेशन संपतं आणि सेव्ह न केलेलं काम गेलं, तर व्हीएनसीवर वेगळा व्हर्च्युअल डेस्कटॉप चालवला असेल तर तो मोठ्या मशीनवर तसाच उघडा राहतो, दुसऱ्या टर्मिनलवरून जोडलं की अर्धवट वाक्य जिथे सोडलं तिथेच सापडतं.