जुना करार जुना झाला का?

करार म्हटला की दोन बाजूंच्या सह्या डोळ्यांसमोर येतात. बायबलमधला करार असा नाही. हिब्रूत त्याला ‘बेरीथ’ म्हणतात, आणि बेरीथ करत नाहीत, ‘कापतात’. उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात अब्राम (पुढचा अब्राहाम) जनावरे मधोमध चिरून त्यांचे तुकडे समोरासमोर मांडतो. करार मोडणाऱ्याची हीच गत होवो, असा त्या विधीचा रोख. पण त्या तुकड्यांमधून अब्राम जातच नाही. धुमसती शेगडी आणि जळती मशाल तेवढी जाते. शपथ एकट्या देवाने घेतली. सीनाय पर्वताशी मात्र लोक ‘परमेश्वराने सांगितलेले सर्व आम्ही करू’ असे कबूल करतात, आणि मोशे त्यांच्यावर कराराचे रक्त शिंपडतो. एकीकडे बिनशर्त वचन, दुसरीकडे अटी. जुना करार अजून लागू आहे की नाही, या पुढच्या वादाचे बी इथेच पडले.

भाषांतराने त्यात भर घातली. ‘बेरीथ’साठी ग्रीक अनुवादकांनी बरोबरीच्या पक्षांतला करार दाखवणारा ‘सुन्थेके’ टाळला आणि ‘दियाथेके’ घेतला. या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र. त्यामुळेच इब्री लोकांस पत्राचा लेखक 9व्या अध्यायात मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणाचा दाखला देऊ शकतो. हा युक्तिवाद हिब्रूत उभाच राहिला नसता.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने हिब्रू शास्त्र पूर्णच नाकारले. त्याच्या मते त्या शास्त्रातला देव येशूच्या पित्याहून वेगळाच. रोमच्या मंडळीने (चर्चने) इ.स. 144च्या सुमारास त्याला बाहेर काढले. इरेनेयस या बिशपने त्याला उत्तर दिले, की देव एकच आणि करार हे त्याच्या एकाच योजनेचे टप्पे. त्यानंतर कित्येक शतके मंडळी स्वतःलाच नवे इस्राएल मानत राहिली, आणि या समजुतीची किंमत यहुद्यांनी मोजली.

करारांचे व्यवस्थित ईश्वरविज्ञान घडले ते मात्र पाण्यावरून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वादातून. 21 जानेवारी 1525 रोजी झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. लहानपणी झालेला बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता, कारण विश्वास ठेवण्याआधीच बाप्तिस्मा कसा? झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याच्यापुढे पेच पडला. नव्या करारात तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याची स्पष्ट आज्ञा नाही. मग तो अब्राहामाकडे वळला: आठव्या दिवशी सुंता होई, म्हणजे मुलेही करारात होती, करार तोच असेल तर खूण बदलली तरी मुले आत. वाद तर्कापुरता राहिला नाही. 5 जानेवारी 1527 रोजी त्या तरुणांपैकी फेलिक्स मान्झ याला लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. झ्विंग्लीचा वारस बुलिंगर याने 1534 मध्ये देवाच्या ‘एकाच व सार्वकालिक’ करारावर ग्रंथ लिहिला. मला वाटते, अब्राहामापासून आजवर करार एकच हा सिद्धांत एवढा घट्ट झाला, त्याचे श्रेय झुरिकच्या त्या धास्तीलाही द्यायला हवे.

पुढच्या शतकात इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीने (श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्याने, 1646) मांडणी पक्की केली: आदामाशी कर्मांचा करार, तो मोडल्यावर कृपेचा करार, मोशेचे नियमशास्त्रही कृपेच्याच कराराचा एक कारभार. इंग्लंडमधल्या बाप्टिस्टांनी यातले बरेचसे उचलले, बालबाप्तिस्मा मात्र वगळला. लूथरपंथीयांची मूळ विभागणी वेगळी, नियमशास्त्र आणि सुवार्ता अशी.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने डाव उलटवला; त्याच्या मांडणीला ‘युगवाद’ म्हणतात. त्याच्या मते इस्राएल आणि मंडळी हे देवाचे दोन वेगळे लोक. इस्राएलला दिलेली भूमीची वचने मंडळीने आपल्या नावावर करून घेऊ नयेत. 1909 साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसह बायबलने देवाच्या कारभाराची सात युगे अमेरिकेत घरोघरी नेली. वचनाखालीच टीप छापलेली असली, की वाचकाला ती वचनाइतकीच खरी वाटू लागते. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र उभे राहिले तेव्हा या गटाला भविष्यवाणी पूर्ण होताना दिसली. कराराच्या एकतेवर भर देणाऱ्या अनेकांना ती राजकीय घटना वाटली.

रोमन कॅथलिक मंडळी वेगळ्या वाटेने हलली. यहुदी संहाराच्या सावलीत, 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीचे निवेदन काढले. त्याचा आधार रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात होता: देवाची कृपादाने आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत. 1980 मध्ये जर्मनीतल्या माइन्झ इथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुना करार देवाने कधीच रद्द केला नसल्याचे म्हटले. आता अडचण इब्री 8:13ची, कारण तिथे पहिला करार जुना ठरवल्याचे लिहिले आहे.

अलीकडे मधल्या वाटा निघाल्या आहेत. प्रत्येक करार वेगळा, पण सगळे ख्रिस्तात येऊन पूर्ण होतात, असे ‘प्रगत करारवाद’ सांगतो. युगवादातही दोन लोकांमधली भिंत बुटकी करणारा प्रवाह आहे. तरी सगळ्यांना यिर्मया 31:31 पाशी थांबावेच लागते. नव्या कराराचे वचन तिथे ‘इस्राएलाचे घराणे व यहूदाचे घराणे’ यांना दिले आहे, आणि पुढे येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी तोच शब्द वापरून प्याला शिष्यांच्या हाती देतो.