एपीसी म्हणजे ‘आउटपेशंटचा डीआरजी’ नव्हे

अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) हॉस्पिटलला पैसे देते ते गट पाडून: दाखल झालेल्या म्हणजे इनपेशंट रुग्णासाठी डीआरजी (डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप), दाखल न झालेल्या म्हणजे आउटपेशंट रुग्णासाठी एपीसी (अँब्युलेटरी पेमेंट क्लासिफिकेशन). डीआरजी येणाऱ्या माणसाला एपीसी शिकवायची वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणतं, “सोपं आहे रे, आउटपेशंटचा डीआरजी समज.” हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याला शंभर क्लेम (विम्याकडे पाठवलेली बिलं) हाताने तपासायला बसवलं पाहिजे. शिकणारा मुलगा हुशार असेल तर आणखी पंचाईत. तो या वाक्यावरून बिनचूक तर्क करत जातो आणि दरवेळी चुकीच्या ठिकाणी पोचतो.

डीआरजीवर फार शब्द खर्च करत नाही, ते तुम्हाला येतंच. येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांची ही कल्पना. अमेरिकेच्या मेडिकेअरने १ ऑक्टोबर १९८३ पासून तिच्यावर पैसे द्यायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २००७ पासून तिचं एमएस-डीआरजी (आजाराच्या तीव्रतेनुसार पायऱ्या पाडलेली आवृत्ती) झालं. रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतच्या सगळ्या मुक्कामाला मिळून एक गट आणि एक रक्कम. एपीसी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. १९९७च्या बॅलन्स्ड बजेट कायद्याने त्याची सोय केली आणि १ ऑगस्ट २००० पासून ते लागू झालं.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. इनपेशंटचे दर ऑक्टोबरात बदलतात, आउटपेशंटचे जानेवारीत. शस्त्रक्रियेचे कोड तिकडे आयसीडी-१०-पीसीएस या यादीतून, इकडे सीपीटी या यादीतून. बिलाचा प्रकार तिकडे ११ने सुरू होतो, इकडे १३ने. डॉक्टरांची फी मात्र दोन्हीकडे यातून नव्हे, स्वतंत्र तक्त्यातून जाते. हे सगळं एका दुपारी पाठ होतं आणि यात सहसा कुणी चुकत नाही.

लोक चुकतात ते एकाच जागी: गट ठरवतं कोण?

डीआरजीत ग्रूपर (गट ठरवणारं सॉफ्टवेअर) आधी विचारतो, या माणसाला दाखल का करावं लागलं? म्हणजे प्रिन्सिपल डायग्नोसिस काय? त्यावरून २५ मुख्य विभागांपैकी एक निवडला जातो (प्रत्यारोपणासारखे मोजके अपवाद सोडून). मग ऑपरेशन झालं का ते बघतात, आणि मग सोबतच्या आजारांमध्ये सीसी (गट वर नेणारा आजार किंवा गुंतागुंत) किंवा एमसीसी (त्याहून गंभीर) आहे का ते. एपीसीत हा प्रश्नच नाही. तिथे एवढंच विचारतात, काय केलं? क्लेमवरच्या प्रत्येक ओळीतला सेवेचा कोड (सीपीटी किंवा एचसीपीसीएस) बघायचा, त्या ओळीला गट द्यायचा आणि पुढच्या ओळीकडे जायचं. एका क्लेमवर एक एपीसी असेल, सहा असतील किंवा एकही नसेल.

एकच बाई दोन्हीकडे नेऊन बघू. न्यूमोनिया झालाय, कोड जे१८.९. दाखल केली आणि दुसरं काही नसेल, तर डीआरजी १९५. रक्तातलं सोडियम उतरलंय आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं, तर ई८७.१ हा सीसी आहे, म्हणून १९४. तीव्र श्वसन निकामी झाल्याची नोंद असेल, तर जे९६.०१ हा एमसीसी, म्हणून १९३. आणि मुळात श्वसन निकामी झालं म्हणूनच दाखल केलं असं ठरलं, क्रम उलटला, तर सगळंच बदलून १८९. निदानाच्या एका ओळीवर रक्कम हलते, म्हणून तर इनपेशंटचे लोक डॉक्टरांना क्वेरी (नोंद स्पष्ट करा अशी लेखी विचारणा) पाठवून पाठवून बेजार करतात.

आता तीच बाई इमर्जन्सी विभागातून उपचार घेऊन घरी गेली असं धरा. व्हिजिटची पातळी, छातीचा एक्स-रे, शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक, रक्ताच्या तपासण्या. व्हिजिटला आपला गट, शिरेतल्या औषधाच्या कोडला आपला, रक्ताच्या तपासण्या बहुतेक वेळा मुख्य सेवेच्या पोटात. यात ई८७.१ जोडलात तर गटाचं काय होतं? नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. काहीही होत नाही.

म्हणजे आउटपेशंटला निदान बिनकामाचं का? अजिबात नाही. निदान चुकलं किंवा मोघम असलं, तर ‘ही तपासणी गरजेची नव्हती’ म्हणून ओळ नाकारली जाते. निदान इथे दारावरच्या पहारेकऱ्यासारखं आहे. आत सोडायचं की नाही हे तो ठरवतो, तिकिटाचा दर त्याच्या हातात नसतो. डीआरजीत तिकीट फाडणाराही तोच.

गंमत म्हणजे हा घोळ अगदीच हवेतून आलेला नाही. एपीसीच्या आधी एपीजी नावाची रचना होती आणि तिच्यात साध्या तपासणी-भेटींचा गट निदानावरूनच ठरत असे. मेडिकेअरने ती आधाराला घेतली, पण शेवटी निदानाचा भाग गाळला. तिचा वारस ईएपीजी मात्र काही राज्यांच्या मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) आजही आहे. न्यूयॉर्कने एपीजी पद्धत २००८पासून स्वीकारली. तिथे काम केलेला कुणी ‘निदानाने गट बदलतो’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, वेगळ्या पद्धतीबद्दल बोलतोय. पेयर (पैसे देणारा) कोण, हे आधी विचारा.

खरी परीक्षा पुढे आहे. २०१५ पासून मेडिकेअरने कॉम्प्रिहेन्सिव्ह एपीसी आणलं. सेवेच्या प्रत्येक कोडला पैसे कसे मिळतात हे सांगणारं दर्जाचं अक्षर असतं. क्लेमवर जे१ दर्जाचा कोड असेल, तर बाकीच्या जवळजवळ सगळ्या ओळी त्याच्या पोटात जातात आणि एकच रक्कम मिळते. गुडघ्याचा सांधा बदलण्याचा कोड २७४४७ घ्या. २०१८मध्ये तो ‘फक्त इनपेशंट’ यादीतून निघाला आणि आता एपीसी ५११५मध्ये बसतो. हेच ऑपरेशन दाखल करून केलं आणि एमसीसी नसेल, तर डीआरजी ४७०. दोन्हीकडे एक गट, एक रक्कम. “बघा, झाला की नाही आउटपेशंटचा डीआरजी!” असं म्हणायला लोक इथेच टपलेले असतात.

नाही झाला. डीआरजी ४७०चा ४६९ होतो तो रुग्णाच्या एमसीसीमुळे, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे. कॉम्प्रिहेन्सिव्ह एपीसी वरच्या पायरीवर जातं ते ठरावीक जोडीतल्या दुसऱ्या प्रक्रियेमुळे. रुग्णाला हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार आणि मधुमेह असे तिन्ही असले, तरी ५११५ जागचं हलत नाही. आउटपेशंट गुडघ्यावर सोडियमसाठी सर्जनला क्वेरी पाठवलेली मी पाहिली आहे. नोंद पूर्ण असावी हे कबूल, पण ‘पेमेंटवर परिणाम’ या रकान्यात टिकमार्क का?

दर्जाच्या अक्षरांपैकी एकावर माझा खास राग आहे. म्हणजे त्या अक्षरावर नाही, त्याच्याशी लोक जे करतात त्यावर. एन म्हणजे वेगळे पैसे नाहीत, मुख्य सेवेत धरलेले. मग काही जण ती ओळच टाकत नाहीत, “शून्यच मिळणार ना?” पुढच्या वर्षांचे दर ज्या खर्चावरून निघतात, तो याच ओळींतून कळतो. सगळ्यांनी त्या गाळल्या तर मुख्य सेवा कागदावर स्वस्त दिसेल आणि दरही तसाच बसेल. टीचं तेवढं लक्षात ठेवा: एकाच वेळी टी दर्जाच्या दोन प्रक्रिया झाल्या, तर जास्त दराच्या प्रक्रियेचे पूर्ण आणि दुसरीचे निम्मे.

‘बहुधा न्यूमोनिया’ हा शेराही दोन्हीकडे वेगळा वागतो. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी तसं लिहिलं असेल, तर न्यूमोनिया आहे असं धरून कोड देता येतो. आउटपेशंटला देता येत नाही; खोकला आणि ताप यांचेच कोड द्यायचे. इनपेशंटमधून आलेले लोक इथे सवयीने घसरतात.

आणि कृपा करून पलंगावरून इनपेशंट ठरवू नका. दाखल करण्याची ऑर्डर नसेल आणि रुग्ण ऑब्झर्व्हेशनमध्ये (दाखल न करता देखरेखीखाली) असेल, तर तो वॉर्डात दोन रात्री झोपला तरी आउटपेशंटच. १ ऑक्टोबर २०१३ पासूनचा दोन मध्यरात्रींचा नियमही डॉक्टरची अपेक्षा काय होती (मुक्काम दोन मध्यरात्री ओलांडेल का) ते विचारतो, घड्याळ बघून आपोआप कुणाला दाखल करत नाही. ऑब्झर्व्हेशनच्या रात्री पार्ट बीमध्ये (मेडिकेअरचा आउटपेशंट सेवांचा भाग) जातात, आणि पुढे नर्सिंग सुविधेसाठी सलग तीन दिवस इनपेशंट असण्याची जी मेडिकेअरची अट आहे, तिच्यात त्या मोजल्या जात नाहीत. ऑब्झर्व्हेशन २४ तासांच्या पुढे गेलं की हे रुग्णाला लेखी कळवावं लागतं. त्या कागदावर सही करताना बरेच जण पहिल्यांदाच ऐकतात की आपण दाखल नव्हतोच.