मानवी हक्कांचे माहितीपट, सेन्सॉरची सूट आणि कोकणातला प्रेक्षक

थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट दाखवणं एके काळी सक्तीचं होतं. स्वतंत्र, प्रश्न विचारणारे माहितीपट प्रामुख्याने आणीबाणीनंतर वाढले. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेत बसते, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७०चा निकालही एका लघु माहितीपटावरूनच आला होता.

महोत्सवांतल्या माहितीपटांच्या सेन्सॉरची आजची घडी बसली ती २००३-०४च्या वादातून. मुंबईत १९९०पासून भरणाऱ्या सरकारी माहितीपट महोत्सवाने पुढच्या खेपेसाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. दिग्दर्शकांनी एकत्र येऊन विरोध केला, अट मागे घेतली गेली. मग निवडीत मात्र २००२च्या गुजरात हिंसाचारावरच्या चित्रपटांसह अनेक टीकात्मक चित्रपट गळाले. याला योगायोग म्हणणं कठीण आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये हे चित्रपट महोत्सवस्थळाजवळच समांतर दाखवले गेले.

२००६ मध्ये केंद्राने महोत्सवांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट देण्याची कार्यपद्धती ठरवली. आधार सिनेमॅटोग्राफ कायद्याचं कलम ९. आयोजकाने चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश आणि चित्रपट आधी पाहणाऱ्या पूर्वपरीक्षण समितीचा तपशील द्यायचा. महोत्सव विनानफा आणि प्रेक्षक नोंदणीकृत प्रतिनिधी असायला हवेत. प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला ही सूट लागत नाही. २०१७ मध्ये केरळच्या सरकारी माहितीपट महोत्सवातले तीन चित्रपट सूट नाकारल्याने अडले.

कोकणात ही नोंदणीची अटच जास्त जाचते. दाभोळचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुप्रकल्प (२०११च्या गोळीबारात एक जण गेला), बारसूची रिफायनरी: इथले हक्कांचे प्रश्न ज्यांच्या जमिनीचे आणि जाळ्यांचे, तो माणूस आधी अर्ज भरून नाट्यगृहात येत नाही. पहाटे होडी घेऊन गेलेला तर नाहीच. म्हणून नोंदणी बंदरावर, मासळी बाजारात, ग्रामपंचायतीत आधीच करून पास हातात द्यावे लागतात. ऐनवेळी दारात गर्दी झाली आणि नोंदवही नसली, तर सूट असूनही खेळ अडवायला निमित्त मिळतं.

वेळ असेल तर प्रमाणपत्र घेतलेलं बरं. २०२३च्या दुरुस्तीने त्याची दहा वर्षांची मुदतही गेली. पण काटछाट सांगितली तर दाद मागायचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं आहे. आता थेट उच्च न्यायालय. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये आहे. रायगडकरांना मात्र मुंबईच.