दस्तावरचा 1 टक्का: एलबीटी गेला, नाव राहिलं
पुण्यात फ्लॅटचा दस्त करायला गेलात की एजंट कुठल्यातरी झेरॉक्सच्या पाठीमागे हिशोब मांडून देतो. फ्लॅट 60 लाखांचा असेल तर 5 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 3 लाख, त्याखाली 'एलबीटी' (लोकल बॉडी टॅक्स, म्हणजे स्थानिक संस्था कर) 60 हजार, त्याखाली 'मेट्रो' 60 हजार, झाले 4 लाख 20 हजार. नोंदणी फी वेगळी. मग कुणीतरी विचारतंच, अहो एलबीटी तर कधीच बंद झाला ना?

दस्तावर मुद्रांक शुल्काच्या वर घेतला जाणारा असा जादा कर, म्हणजे अधिभार, गावाकडं जुनाच आहे. 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यातच त्याची सोय आहे, आज तो 1 टक्का आहे आणि निम्मा जिल्हा परिषदेला, निम्मा ग्रामपंचायतीला. शहरांचं पोट तेव्हा जकातीवर भरायचं.

2010 पासून एकेका महापालिकेत जकात काढून एलबीटी आणला, पुण्यात एप्रिल 2013 ला. व्यापाऱ्यांची आंदोलनं झाली, दुकानं बंद राहिली, सगळी चर्चा त्याचीच. पण एलबीटीसोबत महापालिकांच्या कायद्यात कलम 149-अ पण आलं होतं, ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. जिथं एलबीटी तिथं मिळकतीच्या दस्तावर 1 टक्का जास्त, एवढंच. म्हणजे खरा एलबीटी शहरात येणाऱ्या मालावरचा, तो व्यापारी भरायचा, आणि हा अधिभार घर घेणाऱ्यानं भरायचा, दोघांचा तसा काही संबंध नाही पण बोलताना दोन्ही एलबीटीच.

ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला, जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा उरलेला पण गेला. महापालिकांना भरपाई ठरली, वर 8 टक्के वार्षिक वाढ धरून. दस्तावरचा 1 टक्का मात्र राहिला. तो बेकायदा आहे असं काहीजण म्हणतात ते मला पटत नाही, पण ज्याच्या नावानं आणला तो कर गेल्यावर निदान नाव तरी बदलायचं! मुंबईच्या दस्तात ही ओळच नाही, कारण तिथं जीएसटी येईपर्यंत जकातच होती.

मेट्रोचा 1 टक्का नंतरचा. 2020 च्या बजेटमध्ये दोन वर्षांची सूट मिळाली, 1 एप्रिल 2022 पासून परत सुरू. तरतूद महापालिकेच्या कायद्यात असली तरी पैसा मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी, वॉर्डातल्या गटारीला त्यातला रुपया नाही.

आणि पुण्याच्या कडेची गावं, 2017 ला 11, जून 2021 ला 23 (वाघोली त्यातच), महापालिकेत गेली तसे तिथले दस्त पण जिल्हा परिषदेच्या हातून गेले. जी गावं उरली त्यांचा हिस्सा आधी सरकारच्या तिजोरीत जातो, तिथून जिल्हा परिषदेमार्फत गावात. कागदोपत्री त्याला 'मुद्रांक शुल्क अनुदान' म्हणतात. गावातल्याच जमिनीच्या व्यवहाराचा पैसा, पण नाव अनुदान, आणि सरपंच विचारत फिरतो की आमचं अनुदान आलं का.